गिधाडासाठी टाळ्या



परवा एक सिनेमा बघून आलो आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घुसून बसलाय. तो तुमच्यापुढे मांडतो. उत्तर माझ्याकडे अर्धंमुर्धं आहे. उरलेलं तुम्ही काढा.

आमच्या शहरात वन्यजीव चित्रपटांचा महोत्सव भरला होता. तीन दिवस, प्रवेश फुकट. तिसरी पाळी करून सकाळी गिरणीतून सुटलो तो खोलीवर न जाता थेट हॉलवर गेलो. केसांत कापूस तसाच होता. हॉलात गारवा, खुर्च्या मऊ. म्हटलं, डुलकी तरी लागेल. लागली नाही, कारण पडद्यावर गिधाडं आली.

मी पंचविशीतला. जिवंत गिधाड मी आजवर पाहिलेलं नाही. माझ्या जन्माच्या सुमारास ती मरत होती. आजा सांगायचा तेवढीच गिधाडं मला ठाऊक. आता ती पडद्यावर होती. पन्नास-साठ गिधाडं एका मेलेल्या बैलावर तुटून पडलेली, पंख फडफडतायत, माना आत खुपसलेल्या. मागं संथ संगीत. आणि तो बैल लाल होता. नुसता लाल. त्याच्या अंगावर कातडं नव्हतं.

सिनेमा संपला, दिवे लागले. मंचावर पाहुणे आले. पर्यावरणासाठी काम करणाऱ्या चार मान्यवरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्यातले एक जण बोलताना म्हणाले की गिधाड हा निसर्गाचा सफाई कामगार आहे, त्याची सेवा थोर आहे, त्याच्यापुढे आपण मान झुकवली पाहिजे. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. मग माझे हात थांबले. 'सफाई कामगार' या शब्दाला एवढ्या टाळ्या पडताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मी उठलो. विचारलं, "सिनेमातला बैल सोललेला होता. तो सोलला कुणी?"

मंचावर जरा चुळबुळ झाली. एक जण म्हणाले, चांगलं निरीक्षण आहे. दुसरे म्हणाले, गावातले लोक असतील. मग वेळ संपली म्हणून चहाची सुटी झाली.

गावातले लोक. बरोबर आहे. पण गावातले कोण? पाटील? कुलकर्णी? देवळातला गुरव?

माझा पणजा गावची मेलेली ढोरं ओढायचा. ढोर मेलं की हाळी यायची. चार माणसं, दोर, वासा. गावाबाहेरच्या माळावर ओढून न्यायचं, सोलायचं. गिधाडं बाभळीवर वाट बघत बसलेली असायची. मोठ्या जनावराचं जाड कातडं गिधाडाला सहजी फुटत नाही. ते डोळे, जीभ, मागची वाट असं मऊ धरतं. माणसाने सोलून दिलं की तासाभरात हाडं उघडी. म्हणजे गावाची सफाई करणारे दोघे होते. एकाला चोच होती, एकाच्या हातात सुरी होती. सिनेमात चोच होती. सुरी नव्हती.

१९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्म दिला तेव्हा आजा दहा-बारा वर्षांचा होता. पुढच्या वर्षी वस्तीने ठराव केला की ढोर ओढायचं नाही, मेलेल्याचं खायचं नाही. गावाने वाळीत टाकलं. दुकानदार मीठ देईना. रानात काम मिळेना. त्याच महिन्यात एकाची म्हैस मेली. गोठ्याच्या मागं पडून राहिली. फुगली. आजा सांगायचा की गाव नाकाला धोतराचा सोगा लावून हिंडत होतं, पण दोराला हात लावायला एक बाप्या पुढं आला नाही. शेवटी मालकाने रात्री बैलगाडी लावून ती ओढली. आजा ही गोष्ट सांगताना हसायचा. आम्हीही हसायचो. मोठं झाल्यावर कळलं की त्या दिवसांत घरात तीन-तीन सांजा चूल पेटत नव्हती.

तर माझा प्रश्न असा. जे काम गिधाडाने केलं म्हणजे सेवा होते, तेच माझ्या पणजाने केलं तर विटाळ कसा झाला? काम एक, माळ एक, ढोर एक. मग एकाला टाळ्या आणि दुसऱ्याला गावकुसाबाहेरची वस्ती, हा न्याय कुठला?

हा प्रश्न सोपा वाटतो. तो सोपा नाही. त्यात एक खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडता पडता वाचलो. ते पुढं सांगतो. आधी या महोत्सवांबद्दल, कारण शिव्या घालून मोकळं होणं हे आपलं काम नाही.

असे महोत्सव जगात बऱ्याच वर्षांपासून भरतात. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या मिझुला गावी १९७७ साली अस्वलांचा अभ्यास करणाऱ्या चार्ल्स जॉन्केल यांनी सुरू केला. इंग्लंडात ब्रिस्टलला १९८२ साली 'वाइल्डस्क्रीन' सुरू झाला. त्याच्या 'पांडा' पुरस्काराला ग्रीन ऑस्कर म्हणतात. दिल्लीत २००२ पासून 'वातावरण' महोत्सव सुरू झाला. तिथं सिनेमे दाखवतात, जंगलं नि प्राणी वाचवणाऱ्यांना मान देतात. यातून काही होत नाही असं म्हणणं खोटं आहे. होतं.

माइक पांडे यांचा 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा सिनेमा घ्या. गुजरातच्या किनाऱ्यावर देवमाशाएवढा एक शार्क येतो, व्हेल शार्क. गरीब प्राणी, माणसाला काही करत नाही. वेरावळच्या पट्ट्यात त्याची बेसुमार शिकार चालायची. पिंप बांधून त्याला दमवायचे, म्हणून मच्छीमार त्याला 'बॅरल'च म्हणायचे. मांस परदेशी जायचं, यकृताचं तेल होड्यांना लावायचे. या सिनेमाला २००० साली पांडा पुरस्कार मिळाला. २००१ साली भारत सरकारने या माशाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकलं. वाघाला जे संरक्षण तेच माशाला. एका सिनेमाने हे घडवायला हात लावला. मानलं पाहिजे.

पण गोष्ट तिथं संपत नाही. कायदा झाला तरी समुद्रात पोलीस उभा राहत नाही. जाळ्यात मासा अडकला की त्याला सोडायचा तर जाळं कापावं लागतं. जाळं म्हणजे मच्छीमाराचं अख्खं भांडवल. २००४ पासून तिथं मोहीम चालली. हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, असं लोकांना सांगितलं गेलं. जाळ्याची भरपाई सरकार देऊ लागलं. आणि त्या मच्छीमारांनी आपल्या हाताने आपली जाळी कापून शेकडो मासे सोडले. आता मला सांगा, यात पर्यावरणाचा नेता कोण? सिनेमा काढणारा, हो. मोहीम चालवणारे, हो. आणि जाळं कापणारा? त्याचं नाव कुणाला ठाऊक आहे? आमच्या गिरणीतही सुताच्या कोनावर कंपनीचं नाव असतं, सूत काढणाराचं नसतं. ही पद्धत आम्हाला नवी नाही.

आता त्याच जिल्ह्यात थांबा. वेरावळ हे गीर सोमनाथ जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. तिथंच गीरचं जंगल, जिथल्या सिंहांवर जगभर सिनेमे निघाले. आणि त्याच जिल्ह्यात उना तालुका. ११ जुलै २०१६ रोजी मोटा समढियाळा गावात आपली पोरं मेलेली गाय सोलत होती. गोरक्षकांच्या टोळीने त्यांना धरलं, मारलं, उना शहरात नेऊन अर्धनग्न करून गाडीला बांधलं आणि भर रस्त्यात लोखंडी पायपांनी फोडलं. व्हिडिओ त्यांनीच काढला, त्यांनीच पसरवला. गाय मारली असा आरोप होता. पुढे तपासात काय निघालं? गाय सिंहाने मारली होती.

हे वाक्य पुन्हा वाचा. गाय सिंहाने मारली होती. सिंहाने गाय मारली तर तो त्याचा स्वभाव, वर त्याची फिल्म निघते, ती मोठ्या पडद्यावर लागते. त्याच गाईचं कातडं काढणाऱ्याचीही फिल्म निघाली. मारणाऱ्यानेच काढली, मोबाईलवर. एकाच जिल्ह्यातल्या दोन वन्यजीव फिल्मा समजा. एकीत जनावराला माणसासारखं दाखवलं, दुसरीत माणसाला जनावरासारखं.

त्यानंतर गुजरातच्या आपल्या लोकांनी ढोरं उचलणं बंद केलं. सुरेंद्रनगरला कलेक्टर कचेरीसमोर मेलेली जनावरं आणून टाकली. तुमची माता आहे, तुम्ही उचला. माझ्या आज्याच्या गावची म्हैस साठ वर्षांनी कलेक्टरच्या दारात पोहोचली. २०१८ साली उन्याच्या त्या कुटुंबाने बौद्ध धम्म घेतला.

आता तो खड्डा.

हॉलातून परतताना मी मनात भाषण करत होतो. म्हणत होतो, त्या मंचावर माझ्या पणजाचा फोटो लावा. त्याला पर्यावरणरक्षक म्हणा. तोही निसर्गाचा सफाई कामगार होता, त्यालाही शाल द्या. बरं वाटत होतं. खोलीवर येऊन पडलो आणि एकदम उठून बसलो. मी काय मागत होतो? ज्या कामातून बाहेर पडायला आज्याने उपास काढले, त्याच कामाला मी हार मागत होतो!

हा हार जुनाच आहे. गांधीजींनी सफाईच्या कामाची थोरवी गायली, त्याला सेवा म्हटलं, पवित्र म्हटलं. १९४५ साली बाबासाहेबांनी काँग्रेस आणि गांधींवरच्या आपल्या पुस्तकात याचा समाचार घेतला. घाणीचं काम थोर असेल तर ते एकाच जातीच्या वाट्याला का, बाकीचे त्या थोरवीसाठी रांग का लावत नाहीत, हा आपला साधा सवाल. कामाची स्तुती करून माणसाला त्याच कामात कोंडायचं, हे शिवीपेक्षा वाईट. शिवीला उलटून शिवी देता येते. हाराला काय द्यायचं?

म्हणून माझा पहिला प्रश्न मी दुरुस्त करतो. गिधाडाचं काम आणि पणजाचं काम एक नव्हतंच. गिधाड मढं खातं कारण त्याचं शरीर तसं आहे. त्याची मान उघडी, त्याच्या पोटातलं आम्ल जहाल, सडकं मांस त्याला पचतं. त्याच्या पिल्लाला शाळेत घातलं तरी ते मढंच खाणार. माझ्या पणजाच्या शरीरात असं काय होतं? त्याची मान पाटलाच्या मानेसारखीच, पोट कुलकर्ण्याच्या पोटासारखंच. ते काम त्याच्या अंगात नव्हतं. ते गावाच्या व्यवस्थेत होतं. गिधाडाला स्वभाव आहे. माणसाला जात लावलेली आहे. आणि स्वभाव आणि जात या दोन गोष्टी एक आहेत असं सांगणं, हेच तर चातुर्वर्ण्य! गुणकर्माप्रमाणे वर्ण म्हणतात ते दुसरं काय आहे?

मला वाटतं, या सिनेमांत सगळ्यात सावध राहायची जागा ही. जंगलाचे सिनेमे एक धडा देतात. प्रत्येक जिवाची जागा ठरलेली आहे, वाघाने वाघाचं करावं, हरणाने हरणाचं, गिधाडाने गिधाडाचं, आणि असं सगळं एका साखळीत सुंदर चाललंय. जंगलापुरता हा धडा ठीक. पण बघणारा माणूस हॉलातून बाहेर पडताना तो धडा खिशात घालून समाजात आणतो. सफाई कामगार हा शब्द माणसावरून उचलून गिधाडाला लावला, तेव्हा गिधाड मोठं झालं खरं. पण जाताजाता सफाई कामगारही गिधाडासारखा, निसर्गानेच नेमलेला होऊन बसला. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेदाचे उच्चाटन'मध्ये सांगून ठेवलंय की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे आणि तीही एकाखाली एक. जंगलात साखळी असते. समाजात उतरंड असते. साखळी बघून उतरंडीला टाळ्या वाजवायच्या नाहीत.

दुसरी सावधगिरी कॅमेऱ्याच्या चौकटीची. १९५९ चा जर्मन सिनेमा आहे, 'सेरेंगेटी मरता कामा नये' अशा अर्थाच्या नावाचा. फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख बर्नहार्ड ग्रझिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल यांनी विमानातून आफ्रिकेतले प्राणी मोजले, सिनेमा काढला. मुलगा त्याच कामात विमान पडून गेला. एका गिधाडाला विमान धडकलं म्हणतात. सिनेमाला १९६० साली ऑस्कर मिळालं. बाप-लेकाची तळमळ खरी होती. पण त्यांच्या सेरेंगेटीत माणूस बसत नव्हता. तिथं गुरं चारणारे मसाई होते, पिढ्यानपिढ्या, त्याच प्राण्यांच्या शेजारी. इंग्रज सरकारने १९५९ मध्येच मसाईंना सेरेंगेटीतून उठवून शेजारच्या गोरोंगोरोला बसवलं. २०२२ पासून तिथूनही त्यांना लांब हलवायला सुरुवात झाली. सरकार म्हणतं, स्वखुशीने. वाळीत पडलेल्या माणसाची स्वखुशी कशी असते ते आपल्याला माहीत आहे. पडद्यावर जो माणूस चौकटीबाहेर असतो तो पुढं कायद्यानेही बाहेर जातो.

तिसरी गोष्ट दयेची. दिल्लीत वजिराबादला नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे दोघे भाऊ राहतात. पतंगाच्या मांज्याने कापलेल्या घारी ते बरे करतात. त्यांच्यावर शौनक सेन यांनी 'ऑल दॅट ब्रीद्स' हा सिनेमा काढला. २०२२ साली सनडान्स आणि कान या दोन्हीकडे तो गाजला, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. या भावांनी हे काम सुरू का केलं? पोरवयात त्यांना जखमी घार सापडली. पक्ष्यांच्या दवाखान्यात नेली तर घेतली नाही. कारण घार मांसाहारी!

वाचताना मला हसू आलं, मग अंगावर काटा आला. पाखरालाही सोवळं! पोपट चालतो, कबूतर चालतं, घार चालत नाही, कारण ती काय खाते. आपल्याला हे कोड ओळखीचं आहे. भाड्याने खोली शोधायला गेलेल्या प्रत्येकाला ओळखीचं आहे. तेव्हा दया आहे म्हणून ती चांगलीच असं धरून चालू नका. दयेलाही जात असते. ज्या महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना पाणी मोकळं होतं, तिथं माणसांनी २० मार्च १९२७ ला ओंजळ भरली तर डोकी फुटली. ढोरावरची दया आणि माणसाचा विटाळ एकाच काठावर, एकाच मनात सुखाने नांदत होते.

आता तुमच्यातला एक जण उठून मला विचारणार, आणि आमच्या अभ्यासमंडळात एका दोस्ताने विचारलंच, "आपली माणसं गटारात गुदमरून मरतायत. २०१३ चा कायदा कागदावर आहे. आणि तू गिधाडावर लिहितोस? वाघ वाचवायचा तर त्यांनी वाचवावा. आपला काय संबंध?"

राग बरोबर आहे. निष्कर्ष चूक आहे. दोन कारणं देतो.

पहिलं कारण हिशेबाचं. १९९० पर्यंत या देशात गिधाडं कोट्यवधी होती. पुढच्या पंधरा-सतरा वर्षांत तीन जातींची गिधाडं शंभरातली सत्त्याण्णवहून जास्त मेली. कशाने, ते २००४ साली उघड झालं. डायक्लोफेनॅक. आपण अंगदुखीवर घेतो तीच वेदनाशामक गोळी. गुरांना ती टोचायचे, गुरू मेलं की ती मांसातून गिधाडात जायची आणि त्याची किडनी बंद पडायची. २००६ मध्ये गुरांसाठी तिच्यावर बंदी आली. तोवर आभाळ रिकामं झालं होतं. गिधाडं गेली तशी मढी पडून राहिली, कुत्री वाढली, पाणी नासलं. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थतज्ज्ञांनी २०२४ साली हिशेब मांडला. २००० ते २००५ या पाच वर्षांत गिधाडं नसल्यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसं जास्त मेली, असा त्यांचा अंदाज आहे. या पाच लाखांत कोण असतील? मढी गावाच्या देवळापाशी टाकत नाहीत. ती टाकतात त्या माळाला लागून कुणाची वस्ती असते? पिसाळलेलं कुत्रं अंगणात झोपलेल्याला चावतं की तिसऱ्या मजल्यावरच्याला? तेव्हा गिधाड मेलं त्याची किंमत आपण मोजली आहे. ज्याची किंमत आपण मोजली तो प्रश्न दुसऱ्यांचा कसा?

दुसरं कारण धम्माचं आणि ते मला जास्त मोठं वाटतं. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणा आणि मैत्री असा भेद केला आहे. करुणा माणसापुरती. पण बुद्ध तिथं थांबत नाही, तो मैत्री सांगतो, आणि मैत्री सर्व प्राणिमात्रांशी. नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतही प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणजे हा विचार वातानुकूलित हॉलातून आपल्याकडे आलेला नाही. दीक्षाभूमीवरून आलेला आहे. तो त्यांचा म्हणून आपण टाकला तर आपलीच वस्तू चोराची म्हणून टाकल्यासारखं होईल.

आणि क्रम बघा. आधी करुणा, मग मैत्री. माणसावरून उडी मारून प्राण्यापर्यंत जाता येत नाही. तळ्यावर माणसाला हाकलून म्हशीला पाणी पाजणं ही मैत्री नव्हे. माणसाशी समतेने वागायला जो शिकला त्याची ती समता भरून वाहते आणि पाखरापर्यंत जाते, ती मैत्री. बाकी सगळा शौक. त्या महोत्सवाची खोट मला इथं दिसते. त्यांचं प्राण्यांवर प्रेम आहे हा दोष नाही. ते प्रेम माणसाला वळसा घालून गेलंय, हा दोष आहे. आणि आपली खोट दुसऱ्या टोकाला. आपण करुणेवर थांबलो आणि पुढं जायला लाजतो, कारण पुढं ती मंडळी उभी दिसतात.

मग करायचं काय? महोत्सवावर बहिष्कार मला पटत नाही. बहिष्कार आपल्यावर घातला गेला, आपण तो कशाला घ्यायचा? जायचं. पहिल्या रांगेत बसायचं. आणि प्रत्येक सिनेमाला तीन प्रश्न विचारायचे. एक, चौकटीबाहेर कोण ठेवलंय? दोन, हे जंगल, हा प्राणी वाचवताना किंमत कुणी मोजली, आणि त्याला विचारून मोजली का? तीन, ज्याला तुम्ही सेवा म्हणता ते काम सोडून द्यायची मोकळीक त्या माणसाला आहे का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मोकळीक असेल तर त्याला जरूर नेता म्हणा, जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला म्हणा. मोकळीक नसेल तर शाल घेऊन जाऊ नका. दुसरं काम, जमीन आणि शाळा घेऊन जा.

गिधाडं परत आणायचं काम चालू आहे. पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं २०२४ साली आपल्याकडे ताडोबा आणि पेंचमध्ये सोडली. काही ठिकाणी त्यांच्यासाठी औषधाचा अंश नसलेली मेलेली गुरं मुद्दाम ठेवतात, त्याला गिधाडांचं उपाहारगृह म्हणतात. चांगलं आहे. गिधाडं यावीत. माझ्या पोरांना ती आभाळात दिसावीत, पडद्यावर नव्हे. पण तिथं ती मेलेली गुरं ओढून कोण नेतंय, ते मला बघायचं आहे. यंत्र असेल, हातमोजे, बूट, पगार आणि कुठल्याही जातीचा माणूस असेल, तर माझा त्या कामाला सलाम. पुन्हा आपलीच हाळी ऐकू येत असेल, तर गिधाडं परत आली तशी गावकीही परत आली म्हणायची.

आज्याच्या पेटीत पणजाची सुरी होती. मूठ झिजलेली, पात्याला गंज. आज्याने ती कधी वापरली नाही आणि कधी फेकलीही नाही. लहानपणी मी विचारलं, ठेवलीस कशाला? म्हणाला, "आपुन काय सोडलं ते ध्यानात ऱ्हावं म्हणून."

पुढच्या वर्षी महोत्सव भरेल तेव्हा मी पुन्हा जाणार आहे. गिधाडासाठी टाळ्याही वाजवणार आहे, मनापासून. आणि मग उभा राहून पुन्हा तेच विचारणार आहे. बैल सोलला कुणी? तुम्हीही या. एकट्याने विचारलं की चहाची सुटी होते. पन्नास जणांनी विचारलं तर उत्तर द्यावं लागेल.

जय भीम.